धागा : बिल्टी नसलेलं ट्रकभाडं – इराकचा गहू, ऑस्ट्रेलियाची कंपनी आणि आमच्या फौंड्रीतलं एक इनव्हॉइस

शिरोलीची_लेक (सोमवार, रात्री ९.५०)

मंडळी, धागा लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा ही विनंती. मला उत्तर हवं आहे.

मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत एक्स्पोर्टची कागदपत्रं बघते. नऊ वर्षं झाली. पंपाची केसिंग, इम्पेलर, व्हॉल्व्हच्या बॉडी असा आमचा माल. गेल्या महिन्यात आखातातल्या एका ट्रेडिंग कंपनीची पहिली ऑर्डर आली. मालकांनी शॉपमध्ये पेढे वाटले, कारण दोन भट्ट्यांपैकी एक दिवाळीपासून थंडच होती. माल त्यांच्या बंदरात उतरणार आणि तिथून शेजारच्या देशात पाणीपुरवठ्याच्या कामाला जाणार, असं त्यांनीच कळवलं. त्या शेजारच्या देशात लढाई चालू आहे.

मग दुसरा मेल आला. इनव्हॉइसमध्ये 'इनलँड ट्रान्सपोर्ट अँड हँडलिंग' अशी एक ओळ वाढवा, मालाच्या किमतीच्या दहा टक्के. सगळे पैसे आम्ही तुम्हाला देऊ. त्यातले ते दहा टक्के तुम्ही एका तिसऱ्याच कंपनीच्या खात्यावर पाठवा. ही तिसरी कंपनी कोण, तिचे ट्रक कुठले, काही नाही. नुसता खाते क्रमांक.

मालक म्हणाले, "सगळे असंच करतात म्हणे. तू काय म्हणतेस?" मी दोन दिवस मागून घेतले. नेमकी ही ओळ कुठेतरी वाचल्यासारखी वाटत होती. शोधता शोधता सापडली. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी अगदी याच नावाच्या ओळीखाली ऑस्ट्रेलियाच्या एका गहू कंपनीने सद्दाम हुसेनच्या सरकारला २२ कोटींहून जास्त डॉलर पोचवले होते.

मला समजलं ते असं. २ ऑगस्ट १९९० ला इराकने कुवेतवर हल्ला केला. चार दिवसांत संयुक्त राष्ट्रांनी इराकचा व्यापार बंद केला. युद्ध संपलं, निर्बंध राहिले. लोकांची उपासमार व्हायला लागली तेव्हा तोडगा निघाला : इराकने तेल विकायचं, पण पैसा सरकारच्या हातात द्यायचा नाही. तो न्यूयॉर्कमधल्या एका बँकेत संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखालच्या खात्यात जाणार आणि त्यातून फक्त अन्न, औषधं, पंप, सुटे भाग असं सामान घेता येणार. ठराव १९९५ चा, प्रत्यक्ष तेल निघालं डिसेंबर १९९६ ला. 'तेलाच्या बदल्यात अन्न' हे त्याचं नाव. २००३ पर्यंत यातून सुमारे ६४ अब्ज डॉलरचं तेल विकलं गेलं.

खात्याला हात लावता येत नाही म्हटल्यावर सद्दामच्या लोकांनी पुरवठादारांना धरलं. १९९९ पासून मागणी सुरू झाली की उम्म कस्र बंदरापासून पुढे देशभर माल न्यायचा वाहतूक खर्च तुम्ही द्या. किमतीत तो वाढवून घ्या, म्हणजे तुमच्या खिशाला झळ नाही. २००० साली त्यावर आणखी दहा टक्के आले, 'विक्रीपश्चात सेवा' नावाखाली. दहा टक्के. मी हा आकडा वाचला आणि थांबले.

ऑस्ट्रेलियाची कंपनी म्हणजे एडब्ल्यूबी, पूर्वीचं ऑस्ट्रेलियन व्हीट बोर्ड. इराकला या कार्यक्रमात सगळ्यात जास्त माल विकणारी कंपनी तीच. ती जॉर्डनमधल्या अम्मानच्या 'अलिया' नावाच्या कंपनीला टनामागे ट्रकभाडं देत होती. सुरुवातीला टनाला १२ डॉलर, पुढे वाढत वाढत ४० च्याही वर. अलियात इराकच्या वाहतूक मंत्रालयाचीच भागीदारी होती. गहू वाहून नेण्याचं काम अलियाने केलंच नाही. गहू इराक सरकार स्वतः वाटत होतं. अलिया आपलं किरकोळ कमिशन कापून बाकीचा पैसा बगदादला पाठवत होती.

आता मला सांगा, माझ्यासमोरची ओळ आणि ती ओळ यात फरक काय आहे?

---

जुना_मोल्डर (सोमवार, रात्री १०.२५)

पोरी, मी ३४ वर्षं मोल्डिंगला होतो, त्यातली शेवटची दहा डिस्पॅचला. एक गोष्ट सांगतो. उद्यमनगरातनं शिरोलीला टेम्पोनं कोअर आणले तरी आम्ही बिल्टी मागत होतो. गाडी नंबर, ड्रायव्हरची सही, वजन. बिल्टी नाही तर भाडं नाही. तुझ्या त्या खरेदीदाराला एवढंच विचार : बिल्टी कुठाय?

---

न्हावाशेवा_डायरी (सोमवार, रात्री ११.०५)

मी कस्टम्स क्लिअरिंगच्या धंद्यात आहे. एक तांत्रिक मुद्दा मांडतो, त्यातूनच गोम कळेल.

ताई, तुमच्या सौद्याच्या अटी काय आहेत? एफओबी असेल तर तुमची जबाबदारी न्हावा शेव्याला माल जहाजावर चढला की संपली. सीआयएफ असेल तर त्यांच्या बंदरापर्यंतचं भाडं आणि विमा तुमचा. दोन्हीत त्यांच्या बंदराच्या पुढच्या रस्त्याशी तुमचा काडीचा संबंध नाही. तिथून पुढची वाहतूक खरेदीदार स्वतः करतो, त्याच्या देशात, त्याच्या ट्रकने. मग तिचे पैसे कोल्हापूरची फौंड्री का देईल? आणि दिलेच तर दर वजनावर आणि अंतरावर ठरतो. ट्रकवाला किमतीचे टक्के लावत नाही. दहा टन केसिंग सोन्याचं असो की बिडाचं, ट्रकला डिझेल तेवढंच लागतं. भाडं टक्क्यात आलं की ते भाडं नाही असं समजा.

एडब्ल्यूबीच्या बाबतीत त्यांनी करारातली अटच बदलून घेतली होती. नुसतं बंदरापर्यंत न म्हणता माल ट्रकवर, इराकच्या सर्व प्रांतांपर्यंत, अशी भाषा घातली. म्हणजे कागद वाचणाऱ्याला वाहतूक खर्च रास्तच वाटावा. फसवणूक किमतीच्या आकड्यात नव्हती, ती त्या शब्दांत होती.

---

ऊसवाला_हातकणंगले (मंगळवार, सकाळी ६.४०)

ताई, तुमचं वाचलं आणि पहिलं डोळ्यापुढं काय आलं सांगू? आमचं उसाचं बिल. एफआरपीतनं, म्हंजे सरकारनं ठरवलेल्या उसाच्या दरातनं, तोडणी-वाहतूक कापून घेत्यात. टनाला किती कापलं ते कळतंय, पण ते खरं कुणाला गेलं, किती किलोमीटरचं गेलं, ते इचारायला गेलं की चेहरे बघण्यासारखे होत्यात. मी कुणावर आरोप करत न्हाई. पण टनामागं वाहतूक म्हणून कापायचं आणि हिशेब झाकून ठेवायचा, ही जागा पैसे लपवायला लई सोयीची आस्ती, हे आमच्या इतकं कुणाला ठावं?

मला एक इचारायचंय. ती गव्हाची कंपनी शेतकऱ्यांचीच होती न्हवं? मग शेतकऱ्यांनी काय केलं?

---

पर्थचा_पाहुणा (मंगळवार, सकाळी ९.१५)

दादा, तुमच्या प्रश्नाला मी उत्तर देऊ शकतो. मूळचा गंगावेशीतला, पण १८ वर्षं पर्थला आहे आणि कामानिमित्त इथल्या गव्हाच्या पट्ट्यात सतत फिरतो.

हो, शेतकऱ्यांचीच. हे मंडळ १९३९ साली, दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर सरकारने स्थापन केलं. तुमचा गहू परदेशात विकायचा तर यांच्याचमार्फत, असा एकाधिकार होता. १९९९ मध्ये सरकारने ते शेतकरी सभासदांच्या मालकीच्या कंपनीत बदललं, २००१ मध्ये शेअर बाजारात आणलं, पण निर्यातीचा एकाधिकार तसाच ठेवला. लक्षात घ्या, ज्या वर्षी कंपनी खासगी झाली त्याच वर्षी ट्रकभाड्याची सुरुवात झाली. मला हा योगायोग वाटत नाही. सरकारी मंडळावर निदान खात्याचं लक्ष होतं. खासगी झाल्यावर हातात मक्तेदारी राहिली आणि विचारणारं कुणी उरलं नाही.

अध्यक्ष ट्रेव्हर फ्लूग्गे हे आमच्या राज्यातल्या कॅटॅनिंगचे शेतकरी. त्यांच्याबद्दल इथे अजून दोन तट आहेत. २००६ मध्ये या प्रकरणाच्या चौकशीसाठी बसलेल्या टेरेन्स कोल यांच्या आयोगासमोर साक्षी चालू होत्या तेव्हाच्या गोष्टी जुने शेतकरी सांगतात. पुष्कळांचं म्हणणं होतं, "आमचा गहू विकला ना? अमेरिकेने आमची बाजारपेठ घेतली असती." हे एकदम खोटंही नव्हतं. अमेरिकन गहूवाले टपलेलेच होते. पण त्याच फेब्रुवारीत इराकच्या नव्या सरकारने एडब्ल्यूबीशी व्यवहार थांबवले, शेअर कोसळला, आणि २००८ मध्ये संसदेने एकाधिकारच काढून घेतला. २०१० मध्ये कंपनी एका कॅनेडियन खत कंपनीने विकत घेतली. जे वाचवायला म्हणून लाच दिली तेच गेलं. सभासद शेतकऱ्यांना त्या दहा वर्षांत कुणी विचारलं नव्हतं की तुमच्या गव्हाच्या बिलात ही ओळ घालू का.

आणखी एक गोष्ट मला आजही सहन होत नाही. ऑस्ट्रेलियाची नौदलाची जहाजं आखातात निर्बंध मोडणाऱ्या बोटी अडवत होती. २००३ च्या हल्ल्यात ऑस्ट्रेलियाचे सैनिक होते. आणि त्याच देशातली कंपनी त्याच सरकारच्या तिजोरीत डॉलर ओतत होती.

---

शिरोलीची_लेक (मंगळवार, दुपारी १.३०)

जेवणाच्या सुट्टीत लिहिते.

काका, बिल्टीचं वाक्य मी वहीत लिहून ठेवलं. न्हावाशेवा_डायरी, आमची अट एफओबी आहे. म्हणजे उत्तर तिथेच मिळालं.

हे सगळं उघडकीला कसं आलं ते वाचून मी जास्त हलले. तक्रार आधीच झाली होती. २००० च्या सुरुवातीला कॅनडाच्या गहू मंडळाने संयुक्त राष्ट्रांना कळवलं की आमच्याकडे इराकने असं भाडं मागितलं, आणि ऑस्ट्रेलियावाले देतात असं सांगितलं. संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयाने तिथल्या ऑस्ट्रेलियाच्या प्रतिनिधी कार्यालयाला विचारलं, त्यांनी कंपनीला विचारलं, कंपनी म्हणाली छे, असं काही नाही. आणि विषय मिटला! ज्याच्यावर संशय त्यालाच विचारायचं आणि त्याने नाही म्हटलं की फाइल बंद. इराकच्या हद्दीत येणारा माल तपासायला नेमलेल्या कंपन्या पोती मोजत होत्या. करारातलं भाडं रास्त आहे का, हे बघायचं काम त्यांचं नव्हतं.

मग २००३ मध्ये बगदाद पडलं. जानेवारी २००४ मध्ये तिथल्या 'अल मदा' या दैनिकाने सद्दामच्या सरकारकडून तेल उचलायची कूपनं मिळालेल्या सुमारे २७० नावांची यादी छापली. एप्रिलमध्ये पॉल व्होल्कर यांची चौकशी समिती बसली. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे ते माजी प्रमुख. त्यांच्या माणसांना मोठं घबाड मिळालं ते इराकच्या मंत्रालयांच्या दप्तरात. कुणाकडून किती टक्के ठरले, किती आले, किती बाकी, याच्या याद्या कारकुनांनी नेटक्या ठेवल्या होत्या. त्या याद्या एका बाजूला, संयुक्त राष्ट्रांचे करार दुसऱ्या बाजूला आणि बँकांच्या नोंदी तिसऱ्या. तिन्ही जुळल्या.

२७ ऑक्टोबर २००५ चा अहवाल : सुमारे साडेचार हजार कंपन्यांपैकी २,२०० हून जास्त कंपन्यांच्या व्यवहारांतून बेकायदा पैसा गेला. एकूण १.८ अब्ज डॉलर. त्यातला दीड अब्जाहून जास्त माल पुरवणाऱ्यांकडून, उरलेला तेल उचलणाऱ्यांकडून.

ज्या कारकुनांनी त्या याद्या लिहिल्या त्यांचा मी फार विचार करते आहे. तेही माझंच काम करत होते.

---

रंकाळावेस (मंगळवार, सायंकाळी ७.२०)

मला एक वेगळी बाजू मांडायची आहे. रागावू नका.

ते निर्बंध मुळात न्याय्य होते का? बगदादमध्ये संयुक्त राष्ट्रांचं मदतकार्य बघणारे डेनिस हॅलिडे यांनी १९९८ मध्ये आणि त्यांच्या जागी आलेल्या हान्स फॉन स्पोनेक यांनी २००० मध्ये पद सोडलं, कारण हे निर्बंध सामान्य इराकी माणसाला मारत आहेत असं त्यांचं मत झालं होतं. पाणी शुद्ध करायच्या सामानापासून सुट्या भागांपर्यंत करार महिनोन् महिने अडकून पडायचे. शिवाय कार्यक्रमाबाहेर जॉर्डन, तुर्कस्तान, सीरियाकडे इराकचं तेल चोरट्या मार्गाने जात होतं, त्याचा पैसा या लाचेपेक्षा कितीतरी मोठा, आणि सुरक्षा परिषदेतल्या बड्या देशांना तो ठाऊक होता. मग गव्हाच्या कंपनीलाच फाशी का?

आपल्याकडे तर या प्रकरणाचं फक्त राजकारण झालं. व्होल्कर अहवालात परराष्ट्रमंत्री नटवर सिंह आणि काँग्रेस पक्ष यांची नावं तेलाचे लाभार्थी म्हणून आली. नोव्हेंबर २००५ मध्ये सिंह यांचं खातं गेलं, डिसेंबरमध्ये ते मंत्रिमंडळातून बाहेर पडले. याच्या चौकशीसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती पाठक यांनी ऑगस्ट २००६ मध्ये अहवाल दिला. कंत्राटं मिळवून देण्यासाठी पदाचा वापर झाला, पण स्वतः सिंह यांनी पैसा घेतल्याचा पुरावा नाही, पक्षाचा संबंध नाही, असा त्याचा निष्कर्ष. सिंह यांनी आरोप कायमच नाकारले. एवढ्यावर आपली चर्चा संपली.

---

हिशेबनीस (मंगळवार, रात्री ९.००)

रंकाळावेस, तुमचा शेवटचा परिच्छेद फार महत्त्वाचा आहे. त्याच अहवालाच्या माल पुरवठ्याच्या तक्त्यांत शंभराहून जास्त भारतीय कंपन्या होत्या. चहा, औषधं, यंत्रं. एका मंत्र्याच्या नावाभोवती आपण वर्षभर भांडलो आणि त्या कंपन्यांची कुणी नीट विचारपूस केली नाही. मी तेव्हा सीएची आर्टिकलशिप, म्हणजे उमेदवारी, करत होतो. आमच्या ऑफिसात रोज नटवर सिंहांवर चर्चा व्हायची. इनव्हॉइसमधल्या त्या ओळीवर एकदाही झाली नाही, आणि आम्ही तर हिशेब तपासायलाच बसलो होतो.

शिरोलीची_लेक, आता तुमच्या कामाचं. मी सीए आहे, पण हा सल्ला मित्र म्हणून समजा. तुमच्या फौंड्रीचे कागद बघितल्याशिवाय कुणीच छातीठोक सांगू नये.

शिपिंग बिलावर, म्हणजे निर्यातीसाठी कस्टम्सला द्यायच्या कागदावर, खोटी किंमत किंवा खोटा तपशील दिला तर कस्टम्स कायद्याच्या कलम ११४ एए खाली मालाच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो, आणि तो कंपनीलाच नाही, जाणूनबुजून सही करणाऱ्या किंवा करवून घेणाऱ्या व्यक्तीलाही. दहा टक्के परदेशात पाठवताना बँक विचारेल कशासाठी, आणि तिथे 'वाहतूक' असं लिहिलं की दुसरं खोटं झालं. ते पुस्तकात खर्च म्हणून दाखवलं की तिसरं. एक ओळ घातली की ती झाकायला चार ओळी लागतात.

परदेशी अधिकाऱ्याला लाच देण्यावर आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही. २०११ साली विधेयक आलं होतं, कायदा झाला नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली कंपन्यांसाठी कलम आलं, पण ते आपल्या देशातल्या लोकसेवकांपुरतं. त्यामुळे काही जण बेफिकीर राहतात. पण डॉलरचा व्यवहार शेवटी अमेरिकन बँकेतून फिरतो. ३० ऑक्टोबर २०२४ ला रशियाला युद्धोपयोगी माल पोचवल्याच्या आरोपावरून अमेरिकेने १९ भारतीय कंपन्यांवर निर्बंध लादले, हे विसरू नका. अशा यादीत नाव आलं की डॉलरमधला व्यवहार जवळपास बंदच होतो.

आणि एक उदाहरण खास तुमच्या धंद्यातलं. स्कॉटलंडचा विअर ग्रुप. पंप बनवणारी नावाजलेली कंपनी. याच कार्यक्रमात इराकला पंप आणि सुटे भाग विकताना त्यांनी एजंटामार्फत असाच पैसा दिला. डिसेंबर २०१० मध्ये एडिंबराच्या कोर्टात गुन्हा कबूल केला. ३० लाख पौंड दंड आणि वर १ कोटी ३९ लाख पौंड नफ्याची जप्ती.

दुसरं, पोलादी पूल बनवणारी इंग्लंडची मेबी अँड जॉन्सन. इराकला असाच पैसा दिला म्हणून २०११ मध्ये त्यांच्या दोन माजी संचालकांना तुरुंगवास झाला. पण तिसरा माणूस तुम्ही बघा, सेल्स मॅनेजर. पगारी नोकर. त्याने गुन्हा कबूल केला, संचालकांविरुद्ध साक्ष दिली, तरी शिक्षा झालीच, फक्त ती स्थगित ठेवली. "साहेबांनी सांगितलं म्हणून टाइप केलं" हे कोर्टात पुरलं नाही.

---

पर्थचा_पाहुणा (बुधवार, सकाळी ८.५०)

हिशेबनीस, इथे मात्र कुणीही तुरुंगात गेलं नाही. कोल आयोगाने नोव्हेंबर २००६ च्या अहवालात १२ जणांवर कारवाईचा विचार व्हावा असं म्हटलं, त्यातले ११ एडब्ल्यूबीचे. पोलिसांनी २००९ मध्ये फौजदारी तपास सोडून दिला. दिवाणी खटल्यात व्यवस्थापकीय संचालक लिंडबर्ग यांना एक लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दंड, फ्लूग्गे यांना २०१७ मध्ये ५० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर दंड आणि पाच वर्षं कंपन्या चालवायला बंदी. २२ कोटींपुढे हे काय?

पंतप्रधान हॉवर्ड, परराष्ट्रमंत्री डाउनर, व्यापारमंत्री व्हेल हे तिघंही आयोगापुढे आले. परराष्ट्र खात्यात इशाऱ्याच्या तारा येऊन पडल्या होत्या, पण आपण त्या वाचल्याचं आठवत नाही असा सूर होता. मंत्र्यांना माहीत होतं असा पुरावा कोल यांना मिळाला नाही. मात्र सरकारचा कारभार तपासायचा अधिकारच त्यांना दिला नव्हता, कंपन्यांपुरता दिला होता, हे इथले पुष्कळ लोक आजही बोलून दाखवतात. मलाही ते खटकतं.

तरी कोल यांनी एक काम चोख केलं. कंपनी म्हणत होती, आमच्या वकिलांशी झालेला पत्रव्यवहार गोपनीय आहे, देणार नाही. प्रकरण फेडरल कोर्टात गेलं आणि बरेचसे कागद द्यावेच लागले. त्यातून 'टायग्रिस'चा किस्सा निघाला. १९९६ मध्ये बीएचपी या खाणकंपनीने इराकला सुमारे ५० लाख डॉलरचा गहू उधारीवर पाठवला होता. ते पैसे मागायचा हक्क पुढे टायग्रिस पेट्रोलियमकडे गेला. एडब्ल्यूबीने काय केलं, गव्हाचा भाव फुगवून संयुक्त राष्ट्रांच्या खात्यातून सुमारे ८० लाख डॉलर वसूल केले आणि स्वतःचं कमिशन ठेवून टायग्रिसला दिले. एकदा भाव फुगवायची वाट सापडली की तिच्यावरून कुणाचंही ओझं नेता येतं.

---

शिरोलीची_लेक (बुधवार, रात्री १०.१०)

रंकाळावेस, तुमच्यावर रागावले नाही. दिवसभर तुमच्याच मुद्द्यावर विचार करत होते.

निर्बंधांनी लोक मेले, मान्य. पण ते खातं कुणाचं होतं? इराकच्या तेलाचा पैसा, म्हणजे इराकच्या लोकांचा. त्यातूनच गव्हाचे पैसे जात होते. टनाला ४० डॉलर ट्रकभाडं म्हणून सरकारकडे वळले, म्हणजे तेवढ्या पैशाचा गहू आला नाही. एडब्ल्यूबीच्या खिशातून एक दमडी गेली नाही, सद्दामच्या तर नाहीच. ते पैसे रेशनच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईचे होते. निर्बंध जितके कडक, तितका तो प्रत्येक टन मोलाचा. बड्या देशांनी डोळेझाक केली, त्याचा जाब त्यांना विचारला पाहिजे. पण त्यामुळे त्या बाईचा गहू परत येत नाही.

माझी केसिंग पाण्याच्या पंपाची आहेत. तिकडे दहा पंपांच्या पैशात नऊच पोचणार असतील, तर दहावा पंप ज्या वस्तीत बसला असता तिथल्या लोकांना कुणी सांगणार आहे का, की तो कोल्हापूरच्या एका इनव्हॉइसमध्ये गेला?

---

ऊसवाला_हातकणंगले (गुरुवार, सकाळी ६.३०)

ताई, काल रात्री बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, त्या पोरीला सांगा घाबरू नको. एवढंच.

---

न्हावाशेवा_डायरी (गुरुवार, दुपारी १२.००)

मेल, इनव्हॉइसचे सगळे मसुदे, तारखा हे सगळं जपून ठेवा. फोनवर काही सांगितलं तर लगेच त्याच दिवशी मेल करा, "आज फोनवर आपण असं म्हणालात" म्हणून. व्होल्करच्या माणसांना जे सापडलं ते कागदावर होतं म्हणून सापडलं. आणि खरेदीदाराला लेखी विचारा : वाहतूकदाराचं नाव, त्याच्याशी झालेला करार, बिल्टी. ओरडून भांडू नका, नेहमीचा कागद मागावा तसा मागा.

---

शिरोलीची_लेक (शनिवार, सायंकाळी ६.४५)

विचारलं. काकांनी सांगितलं तसंच. वाहतूकदाराचं नाव, करार आणि प्रत्येक खेपेची बिल्टी पाठवा, त्याशिवाय आमची बँक पैसे पुढे पाठवणार नाही.

दीड तासात उत्तर आलं. एरवी साध्या ड्रॉइंगच्या शंकेला चार दिवस लावतात. "ती ओळ काढून टाका. त्याऐवजी दर नगाची किंमत अकरा टक्क्यांनी वाढवा. त्यातला एक टक्का तुमचा. बाकीचं कन्सल्टन्सी म्हणून पाठवा."

मी मेल छापला आणि मालकांच्या टेबलावर ठेवला. शेजारी विअर ग्रुपच्या निकालाची बातमी ठेवली. मालक बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ओळ होती तेव्हा निदान दिसत तरी होती." संध्याकाळी त्यांनी स्वतः नकाराचा मेल लिहिला, चार ओळींचा. ठरलेल्या दराने, एफओबी, पूर्ण रक्कम आमच्या खात्यात, दुसऱ्या कुणाला काही नाही, मान्य असेल तर माल तयार आहे.

---

जुना_मोल्डर (शनिवार, रात्री ८.००)

मालकाला माझा नमस्कार सांग. भट्टीचं काय?

---

शिरोलीची_लेक (सोमवार, दुपारी १.४०)

ऑर्डर रद्द झाली. आज सकाळी कळवलं. भट्टी बंदच आहे आणि मार्चपर्यंत तरी पेटेल असं दिसत नाही. फेटलिंगच्या, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करणाऱ्या, सहा जणांना जादा काम मिळणार होतं, ते गेलं. त्यातल्या दोघांनी कारण विचारलं. मी सगळं सांगितलं. एकाने मान हलवली, दुसरा काही न बोलता निघून गेला, आणि त्याचं मला वाईट वाटतं.

४० केसिंग ओतून, मशिनिंग होऊन, निळा रंग मारून तयार आहेत. साइज चालू मापाचा आहे, त्यामुळे पुण्याच्या एका जुन्या गिऱ्हाइकाला विचारलंय. पॅटर्न, म्हणजे साचा बनवायचे नमुने, खरेदीदाराच्या मालकीचे, ते परत मागतील. पॅटर्न शॉपमध्ये वेगळ्या फळीवर ठेवून त्यावर चिठ्ठी लावली आहे. ते न्यायला ट्रक येईल तेव्हा बिल्टी मीच बनवणार आहे.